टॉमी गनचा जन्मदाता

भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात जवाहरनगर येते. रस्त्याच्या अंगाला वसाहत, शाळा, मैदान. आणि त्यापलीकडे, झाडांच्या आड, उंच कुंपणाच्या आत आपली आयुध निर्माणी. साठच्या दशकात ती उभी राहिली. २०२१ साली देशातल्या आयुध निर्माण्यांची फेररचना झाली, तेव्हापासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. पण आम्हा भंडारेकरांच्या तोंडी ती नुसती फॅक्टरी. तिथे काय होते असे कोणी विचारले तर लहान मूलही सांगेल, बारूद. तोफेचा गोळा असो की बंदुकीची गोळी, तिला नळीतून पुढे ढकलणारे जे जळते द्रव्य असते, ते इथे तयार होते.

माझ्या शेजारी राहणारे एक गृहस्थ या फॅक्टरीतून निवृत्त झाले. सबंध नोकरी त्यांनी बारूद करण्यात काढली. संध्याकाळी आम्ही दोघे वैनगंगेच्या पुलापर्यंत फिरायला जातो. एकदा चालता चालता ते सहज बोलून गेले की, आपल्या हातची बारूद उडताना त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नाही. माल तयार झाला, तपासला गेला, भरला गेला, गाडी निघून गेली. पुढे तो कोणत्या हत्यारात गेला, कोणत्या सीमेवर गेला, कोणाच्या हातून उडाला आणि कोणाला लागला, याचा पत्ता करणाऱ्याला लागत नाही. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. हत्यार घडवणाऱ्या माणसाचे आपल्या हत्याराशी नाते कुठवर असते? फाटकापर्यंत की त्याच्याही पुढे?

या प्रश्नाच्या मागे लागून मी एका अमेरिकन माणसापाशी जाऊन पोचलो. त्याच्या नावाचा अर्धा तुकडा साऱ्या जगाच्या ओळखीचा आहे. पूरा माणूस मात्र फार थोड्यांना माहीत असतो. वाट दाखवली ती एका मराठी जवानाने.

माणगावचा नायक

१० जुलै १९४४. इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नायक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह चढाई करत होते. ते रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. वय अवघे बावीस. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि क्षणार्धात सारी तुकडी कोसळली. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते मागे फिरले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकला. मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. उरलेल्यांपैकी एकाला त्यांनी आपल्या टॉमी गनने टिपले. मग गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन बसवायला सवड नव्हती. तेव्हा घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी राहिलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही हकिकत मी शाळेत असताना ऐकली होती. टॉमी गन हा शब्दही तेव्हाचाच. आमच्याकडे टॉमी हे कुत्र्याचे नाव; त्यामुळे वर्गात खसखस पिकली होती. पुढे कोणीतरी सांगितले की, इंग्रज शिपायाला टॉमी म्हणतात, त्याची बंदूक म्हणून टॉमी गन. पुष्कळ वर्षे मी तेच धरून चाललो. खरे म्हणजे या बंदुकीतला टॉमी इंग्रज शिपाई नव्हे. तो आहे अमेरिकन लष्करातला ब्रिगेडियर जनरल जॉन टॅलिअफेरो थॉम्पसन.

दारूगोळ्याचा हिशेबनीस

थॉम्पसनचा जन्म ३१ डिसेंबर १८६० चा, केंटकी राज्यातल्या न्यूपोर्ट गावचा. वडील लष्करात लेफ्टनंट कर्नल. बदल्यांच्या नोकरीत एका छावणीतून दुसऱ्या छावणीत असे त्याचे बालपण गेले. १८८२ साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला आणि तोफखान्यात दाखल झाला. १८९० मध्ये तो आयुध विभागात गेला आणि तिथेच त्याला आपले काम सापडले. रणांगण गाजवणारे अधिकारी वेगळे आणि त्यांना वेळेवर बंदुका-गोळ्या पोचवणारे वेगळे. थॉम्पसन दुसऱ्या जातीचा. यंत्रांची आवड, आकड्यांची शिस्त आणि मागच्या फळीत राहून काम करण्याची तयारी हे त्याचे भांडवल होते.

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात क्यूबावरून युद्ध पेटले. अमेरिकन लष्कराच्या पुरवठ्याचा त्या वेळी चांगलाच बोजवारा उडाला होता. थॉम्पसनकडे फ्लोरिडातल्या टॅम्पा बंदरातून दारूगोळा पाठवण्याची जबाबदारी आली. त्या युद्धात त्याने १८ हजार टनांहून अधिक दारूगोळा क्यूबाकडे रवाना केला आणि त्यात एकही अपघात झाला नाही. जॉन पार्कर नावाच्या एका तरुण लेफ्टनंटला गॅटलिंग गनचे स्वतंत्र पथक उभारायचे होते. वरिष्ठ टाळाटाळ करत होते. थॉम्पसनने त्याला गॅटलिंग मिळवून दिल्या. सॅन वॉन टेकडीच्या लढाईत त्याच बंदुकांच्या माऱ्याने चढाईचा मार्ग मोकळा केला. माणसाच्या छातीपेक्षा गोळ्यांचा वर्षाव शत्रूवर चालून जावा, हा धडा थॉम्पसनने तिथे गिरवला आणि तो जन्मभर विसरला नाही.

दुसरा धडा फिलिपाइन्सचा. तिथल्या मोरो योद्ध्यांवर अमेरिकन अधिकारी आपली ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर झाडत. गोळ्या लागूनही हल्लेखोर थांबत नसे. तेव्हा कोणती गोळी माणसाला जागच्या जागी थांबवते हे ठरवण्यासाठी १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात चाचण्या घेतल्या. जिवंत गुरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून नोंदी केल्या. आज वाचताना अंगावर काटा येतो. त्या चाचण्यांतून निघालेला निष्कर्ष असा की, लष्करी पिस्तुलाची गोळी ०.४५ इंचापेक्षा, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटरपेक्षा लहान असू नये. १९११ साली अमेरिकेने स्वीकारलेले प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल याच मापाचे. थॉम्पसनच्या पुढच्या बंदुकीतही हीच गोळी जायची होती.

खंदकासाठी झाडू

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिका त्यात नव्हती. थॉम्पसन लष्करातून निवृत्त झाला आणि रेमिंग्टन कंपनीचा मुख्य अभियंता बनला. पेनसिल्व्हेनियातला एडीस्टोनचा प्रचंड रायफल कारखाना त्याच्या देखरेखीखाली उभा राहिला; ब्रिटिश फौजेसाठी तिथे रायफली तयार होऊ लागल्या. पण त्याचे मन दुसऱ्याच विचारात गुंतले होते. युरोपात माणसे खंदकांत अडकून पडली होती. शिपायाच्या हातातली रायफल एक गोळी झाडली की बोल्ट मागे ओढून पुन्हा भरावी लागे. मशीनगन होत्या, पण त्या जड. त्यांना वाहायला आणि चालवायला तीन-चार माणसे लागत. शत्रूच्या खंदकात उडी घेणाऱ्या शिपायाला एकट्याने उचलता येईल, झाडूसारखा खंदक साफ करता येईल, असे हत्यार हवे होते. आपल्या शिपायाचा जीव त्यामुळे वाचेल असे थॉम्पसनला मनापासून वाटत होते.

१९१६ मध्ये त्याने ऑटो-ऑर्डनन्स नावाची कंपनी काढली. पैसा टॉमस फॉर्च्युन रायन या धनाढ्य उद्योगपतीचा. हाती एक पेटंट होते, जॉन ब्लिश नावाच्या नौदल अधिकाऱ्याचे. ब्लिशचे म्हणणे असे होते की, दोन वेगवेगळ्या धातूंचे तिरपे पृष्ठभाग एकमेकांना टेकले असता प्रचंड दाबाखाली ते घट्ट धरून राहतात आणि दाब उतरला की सुटतात. गोळी उडताना नळीत दाब भयंकर असतो. तेवढा वेळ मागचे दार बंद राहावे आणि गोळी बाहेर पडताच उघडावे, म्हणजे बंदूक आपोआप रिकामे टरफल फेकून नवे काडतूस घेईल. कागदावर कल्पना सुबक होती. थिओडोर आयकहॉफ आणि ऑस्कर पेन हे दोन अभियंते क्लीव्हलँड शहरात तिच्या मागे लागले.

आरंभी करायची होती स्वयंचलित रायफल. पण रायफलच्या जोरदार काडतुसाला ब्लिशची खिटी जुमानेना. लष्कराच्या साठ्यातले एकच काडतूस तिच्याशी नीट जमते असे दिसले, ते म्हणजे ०.४५ चे पिस्तुलाचे. दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. थॉम्पसनला यातच आपल्या झाडूची गुरुकिल्ली दिसली. पिस्तुलाची गोळी आखूड पल्ल्याची, पण खंदकात पल्ला हवाच कोणाला? दोन हातांत धरायची, पिस्तुलाच्या गोळ्या मशीनगनच्या वेगाने झाडणारी बंदूक. १९१९ मध्ये तिला त्याने सब-मशीनगन हे नाव दिले. साऱ्या जगाने पुढे या जातीच्या हत्यारांसाठी तोच शब्द उचलला.

अशी बंदूक करणारा तो पहिलाच नव्हता. इटलीची व्हिलार पेरोसा १९१५ मध्ये आली होती आणि जर्मनीत ह्यूगो श्मायसरने घडवलेली एमपी-१८ युद्धाच्या शेवटच्या वर्षी खंदकांत उतरलीसुद्धा. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरताच थॉम्पसनला लष्कराने परत बोलावले. शस्त्रनिर्मितीचा भार पेलत तो ब्रिगेडियर जनरल झाला, त्याला सन्मानपदक मिळाले. पण त्याची स्वतःची बंदूक लढाईवर जाण्याजोगी झाली तेव्हा नोव्हेंबर १९१८ उजाडला होता. युद्ध संपले. खंदक रिकामे झाले. झाडू तयार होता, झाडायला अंगण उरले नव्हते.

नको त्या हातांत

आता इथून थॉम्पसनच्या आयुष्याचा जो भाग सुरू होतो, तो एखाद्या शोकांतिकेसारखा आहे. १९२१ मध्ये कोल्ट कंपनीकडून १५ हजार बंदुका तयार करून घेतल्या गेल्या. बंदूक देखणी होती. उत्तम पोलादातून कातून काढलेले भाग, चकचकीत निळसर झिलई, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, खाली वाटोळा ड्रम. त्यात पन्नास किंवा शंभर काडतुसे. मिनिटाला आठशेहून अधिक गोळ्यांचा वेग. किंमत २०० डॉलर. त्या काळी एवढ्या पैशांत फोर्डची निम्मी मोटार येई. शांततेच्या काळात लष्कराला तिची गरज नव्हती. पोलिसखात्यांनी थोड्या घेतल्या. टपाल लुटीच्या धास्तीने टपालखात्याने काही घेतल्या; मरीन सैनिकांनी त्या हाती धरून टपालगाड्यांवर पहारा केला. कंपनी जाहिराती करी की, मोठ्या जमीनदाराने, गुरांच्या राखणदाराने ही बंदूक घरात ठेवावी. जाहिरातीतला गुराखी घराच्या ओसरीत उभा राहून दरोडेखोरांवर ती चालवताना दाखवला होता. आपली बंदूक कायदा-सुव्यवस्थेच्या बाजूची आहे असे कंपनी अभिमानाने मिरवत असे.

प्रत्यक्षात घडले ते असे. जून १९२१ मध्ये न्यूजर्सीतल्या होबोकेन बंदरात एका जहाजावर तब्बल ४९५ थॉम्पसन बंदुका दडवलेल्या सापडल्या. त्या आयर्लंडच्या क्रांतिकारकांकडे निघाल्या होत्या. थॉम्पसनचा मुलगा मार्सेलस कंपनीत महत्त्वाच्या पदावर होता. त्याच्यावर खटला गुदरला. पुढे तो मागे घेण्यात आला. पण त्याचे सासरे तेव्हा ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, तेव्हा या प्रकरणाने घराण्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी.

नंतर शिकागो. दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूच्या टोळ्या गब्बर झाल्या होत्या. पिस्तुलावर अनेक राज्यांत निर्बंध होते, पण या नव्या जातीच्या बंदुकीचा कायद्यात उल्लेखच नव्हता. पैसे मोजा, घेऊन जा. १९२५ मध्ये शिकागोच्या टोळीयुद्धात ती प्रथम वाजली. १४ फेब्रुवारी १९२९ ला, व्हॅलेंटाइन दिनी, एका गॅरेजात सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभे केले गेले आणि त्यांच्यावर दोन थॉम्पसन चालल्या. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसी गणवेश होता. त्या सकाळनंतर या बंदुकीचे नाव आणि टोळीवाला हे समीकरण झाले. सिनेमाने ते आणखी पक्के केले. १९३४ मध्ये अमेरिकेने अशा बंदुकांवर कडक नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसवला. बंदुकीच्या किमतीएवढाच कर! आपण घडवलेली वस्तू समाजापासून दूर ठेवण्यासाठी देशाला कायदा करावा लागला, हे थॉम्पसनने डोळ्यांनी पाहिले. दुष्टांच्या हाती आपली बंदूक गेल्याची सल त्याने अखेरच्या काळात आपल्या जुन्या सहकाऱ्याला पत्राने कळवली होती.

धंदाही बसला. १९२८ मध्ये नौदलाने थोड्या बंदुका घेतल्या. त्यांना वेग कमी हवा होता म्हणून आतला एक भाग जड करण्यात आला. नवी बंदूक घडवायला पैसा कुठला? कोल्टच्या जुन्याच साठ्यातल्या बंदुकांवर १९२१ मधल्या शेवटच्या एकावर आठाचा ठसा मारून १९२८ चे मॉडेल तयार झाले. त्याच वर्षी रायन वारला. कंपनी कर्जात होती आणि जनरलचा तिच्यावर ताबा उरला नाही. १९३९ उजाडला तरी त्या १५ हजारांपैकी काही हजार बंदुका गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून होत्या.

मरणानंतरची मागणी

१९३९ मध्ये रसेल मॅग्वायर नावाच्या व्यापाऱ्याने कंपनी ताब्यात घेतली. त्याने युद्धाचा वास ओळखला होता. फ्रान्सची मागणी आली, मग ब्रिटनची. डंकर्कहून ब्रिटिश फौज जीव वाचवून परतली ती हत्यारे फ्रान्सच्या किनाऱ्यावर टाकून. आता मागाल ती किंमत द्यायला लंडन तयार होते. त्याच जुलैमध्ये चर्चिलसाहेब थॉम्पसन हातात घेऊन उभे असलेले छायाचित्र निघाले. जर्मनांनी ते वापरून त्यांना शिकागोचा गुंड ठरवण्याचा प्रयत्न केला. बंदुकीची बदनामी अशी पाठ सोडत नव्हती.

जनरलने ते छायाचित्र पाहिले नाही. मुलगा मार्सेलस १९३९ च्या ऑक्टोबरात गेला होता. २१ जून १९४० रोजी लाँग आयलंडवरल्या ग्रेट नेक इथे थॉम्पसनने वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी फ्रान्सने शरणागतीच्या करारावर सही केली. ज्या युद्धासाठी त्याची बंदूक वीस वर्षे थांबली होती ते आता खऱ्या अर्थाने पेटणार होते. वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत तो विसावला.

त्याच्यामागे बंदुकीचे जे झाले ते मला फार बोलके वाटते. युद्धाला बंदुका हव्या होत्या लाखांनी, आणि ही तर कातकामाने घडवलेली, वेळखाऊ, महाग. मग एकेक नखरा उतरवला गेला. चकचकीत झिलई गेली, नळीवरचे कंगोरे गेले, पुढची डौलदार मूठ जाऊन साधी लाकडी पट्टी आली. वाळूत अडणारा, खुळखुळणारा ड्रम गेला. वीस-तीस काडतुसांचे सरळ मॅगझिन राहिले. १९४२ मध्ये सॅव्हेज कंपनीच्या अभियंत्यांनी तर ब्लिशची खिटीच काढून टाकली. तिच्यावाचून नुसत्या जड बोल्टवर बंदूक तितकीच छान चालते असे आढळले. एप्रिल १९४२ मध्ये स्वीकारलेले एम-१ आणि त्याच वर्षीचे त्याहून सोपे एम-१ए-१ ही त्याची फळे. ज्या पेटंटावर कंपनी उभी राहिली, ज्याच्यासाठी जनरलने उतारवय पणाला लावले, ते मुळात नकोच होते. सव्वादोनशे डॉलरपर्यंत गेलेली किंमत १९४४ मध्ये ४५ डॉलरवर आली. पंधरा लाखांहून अधिक थॉम्पसन त्या युद्धात तयार झाल्या.

तरीही ती महागच ठरली. ब्रिटनने १९४१ मध्ये शेफर्ड आणि टर्पिन या दोघांकडून पत्रा, नळी, स्प्रिंग आणि थोडे जोडकाम एवढ्यावर भागणारी बंदूक करून घेतली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे एस आणि टी, त्यांना एनफिल्डचा एन जोडून झाली स्टेन. दोन-तीन पौंडांत होणारी, दिसायला नळदुरुस्तीवाल्याच्या सामानासारखी. पडली तर आपोआप उडण्याचा धोका असलेली. पण ती चाळीस लाखांच्या घरात तयार झाली. रशियाने श्पागिनची पीपीएसएच लाखोंनी काढली. अमेरिकेनेही २० डॉलरच्या आसपासची एम-३ आणून थॉम्पसनला निरोप देण्याची तयारी केली. स्टेनच्या जागी ब्रिटनमध्ये स्टर्लिंग आली, तिचाच अवतार कानपूरच्या कारखान्यात तयार झाला, आणि पुढे अनेक वर्षे आपल्या जवानांच्या व पोलिसांच्या खांद्यावर जी आखूड कार्बाइन दिसे ती हीच. वंशावळ अशी जनरलच्या बंदुकीपासून आपल्या अंगणापर्यंत येते.

दोन मराठे

आता पुन्हा इटलीकडे येतो. मिनिटाला सहा-सातशे गोळ्या झाडणारी बंदूक म्हणजे काय, याचा साधा हिशेब करून पाहावा. वीस काडतुसांचे मॅगझिन दोन सेकंदांच्या आत रिकामे होते. तीसचे तीन सेकंदांच्या आत. घाडग्यांच्या हाती जनरल थॉम्पसनची सारी करामत होती ती एवढ्या पळांपुरती. त्यानंतर ती पाच किलो वजनाचे लोखंड आणि लाकूड होती. पुढचे काम त्यांच्या मनगटाने केले.

दुसरा मराठा शिपाई नामदेव जाधव. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, पहिल्या बटालियनचा. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जखमी सोबत्यांना त्याने पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणले. मग तो परत वळला आणि मशीनगनच्या ठाण्यांवर टॉमी गन घेऊन धावून गेला. हाताला गोळी लागली, चाप ओढता येईना. त्याने टॉमी गन फेकून दिली आणि हातबॉम्बनी आणखी दोन ठाणी बंद पाडली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मानाने जगला आणि १९८४ मध्ये वारला. एकाने बंदूक गदेसारखी वापरली, दुसऱ्याने फेकून दिली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे इटलीतले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस टॉमी गन मुकी झाल्यानंतरच्या क्षणांचे आहेत, हे ध्यानात आले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

आणि तरीही थॉम्पसनला मोडीत काढावे असे मला वाटत नाही. पायी धावणाऱ्या एकट्या शिपायाच्या हाती काहीतरी असावे, ही त्याची मूळ इच्छा होती. तो शिपाई अमेरिकन असेल असे त्याला वाटले असणार. निघाला तो माणगावचा, नगरचा. त्याच्या बंदुकीने गॅरेजातल्या सात माणसांना मारले आणि तिनेच टायबरच्या खोऱ्यात घाडग्यांना शत्रूपर्यंत पोचवले. दोन्हींतले एकही त्याच्या हातात नव्हते. घडवणाऱ्याच्या हातात घडवणे असते. त्यापुढे कायदा, व्यापार, युद्ध आणि ज्याच्या हाती वस्तू पडते तो माणूस. म्हणून घडवणारा सुटतो असे नाही. १५ हजार बंदुका आधी तयार करून मग गिऱ्हाईक शोधायला निघालेल्या कंपनीला गिऱ्हाइकाच्या पापातला काही वाटा घ्यावाच लागतो. जनरलची सल खरी होती, ती त्या जागेवर दुखत होती.

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावी यशवंत घाडग्यांच्या आणि तिथे लढलेल्या भारतीय जवानांच्या नावे स्मारक उभे राहिले. ते एका सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. ही बातमी आणि थॉम्पसनची सारी कहाणी मी परवा पुलावर माझ्या शेजाऱ्यांना सांगितली. मला वाटले, ते शिकागोबद्दल विचारतील. त्यांनी विचारले ते टॅम्पा बंदराबद्दल. १८ हजार टन माल आणि एकही अपघात नाही, हे खरे आहे का, असे त्यांनी मला दोनदा विचारून घेतले. खरे आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांच्या मते त्या जनरलने आयुष्यात केलेले सर्वांत मोठे काम तेच होते. बंदूक काय, कोणीही केली असती.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्या सकाळी हा आवाज आमच्या जिल्ह्यात दूरवर ऐकू गेला होता. जन्मभर आपली बारूद उडताना न पाहिलेल्या माणसाने तो ऐकला तेव्हा तो अंगणात उभा होता. आम्ही त्या दिवसाविषयी अजून कधी बोललेलो नाही. परवाही बोललो नाही. पुलाच्या कठड्याला टेकून थोडा वेळ उभे राहिलो आणि अंधार पडायच्या आत घराकडे वळलो.